तुम्ही विचारलंत म्हणून: साताऱ्याच्या बाईला डेट्रॉइटचं बालपण कसं ठाऊक?

मंडळाच्या गणपतीत नाहीतर कुणाच्या घरच्या भिशीत हा प्रश्न येतोच. "काकू, तुम्ही साताऱ्यात वाढलात. मग अमेरिकेतल्या १९५५ च्या डेट्रॉइटबद्दल असं बोलता, जसं काही तिथेच हुंदडत होतात?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, "तो काळ खरंच इतका छान होता का हो?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. नवरा गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर म्हणून आला, त्याच्यामागे मी आले. मुलं मार्गी लागल्यावर गावातल्या ज्येष्ठांच्या केंद्रात आठवणी लिहून घ्यायचं काम धरलं. पगार नाही, कॉफी फुकट. ज्यांचे हात थरथरतात ते बोलतात, मी टाइप करते. बहुतेक सगळे माझ्याच वयाचे, पाच-सात वर्षं इकडेतिकडे. मी कंदिलाखाली पाढे म्हणत होते तेव्हा ही मंडळी काय करत होती, हे ऐकायची मला भारी हौस. त्यामुळे आता त्यांचं बालपण मला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे.

बोलायला बसलं की पहिला तासभर सगळे वस्तूंबद्दलच सांगतात. त्यात दूध हमखास. इथल्या जुन्या घरांच्या भिंतीत स्वयंपाकघराजवळ एक कोनाडा असतो, त्याला आतून एक आणि बाहेरून एक अशी दोन छोटी दारं. त्याला मिल्क शूट म्हणतात. दूधवाला बाहेरचं दार उघडून भरलेल्या बाटल्या ठेवायचा आणि रिकाम्या घेऊन जायचा, आई आतलं दार उघडून घ्यायची. कडाक्याच्या थंडीत दूध गोठून फुगायचं आणि सायीचा पांढरा खांब कागदी बूच डोक्यावर घेऊन बाटलीबाहेर यायचा. तो कुणी चाटायचा यावरून भावंडांत गुद्दागुद्दी. किल्ली विसरली की घरातलं सगळ्यात बारकं पोर त्याच कोनाड्यातून आत ढकलायचं. एक गृहस्थ अजून तक्रार करतात की ते सात वर्षांचे झाले, खांदे अडकायला लागले आणि घरातला त्यांचा मान गेला. ट्विन पाइन्स नावाच्या डेअरीचा तर टीव्हीवर मिल्की नावाचा जादूगार विदूषक होता, आणि त्याचा मंत्र काय, तर "ट्विन पाइन्स"! जाहिरातच मंत्रात घालायची ही अक्कल मला फार आवडते.

बाकी मग हडसन्स नावाच्या मोठ्या दुकानाच्या बाराव्या मजल्यावरची खेळण्यांची दुनिया, किराण्याबरोबर मिळणारे आणि जिभेने ओले करून वहीत चिकटवायचे स्टॅम्प, व्हर्नर्स जिंजर एलमध्ये व्हॅनिला आइस्क्रीम घालून केलेला बोस्टन कूलर. बोस्टनचा त्याच्याशी काही संबंध नाही, तो डेट्रॉइटचाच. करून बघा, उन्हाळ्यात झकास लागतो.

दुसऱ्या तासाला मात्र आवाज बदलतो. "उन्हाळ्यात आई दुपारी सक्तीने झोपवायची," एकजण म्हणाली. दुसरा म्हणाला, "आम्हालाही. आणि तलावावर जायचं नाही, सिनेमाला जायचं नाही." त्यांना वाटायचं, आई खाष्ट आहे. खरं कारण पोलिओ. १९५२ साली अमेरिकेत सुमारे ५८ हजार जणांना तो झाला आणि तीन हजारांवर माणसं गेली. श्वास घ्यायची ताकद गेलेली मुलं आयर्न लंग नावाच्या लोखंडी पिंपात नुसतं डोकं बाहेर काढून पडलेली असायची. कशाने होतो, कुणाला होईल, काही अंदाज नाही. म्हणून आया जे जमेल ते बंद करायच्या. पुढे १२ एप्रिल १९५५ ला इथून तासाभरावरच्या अॅन आर्बरमध्ये, मिशिगन विद्यापीठात जाहीर झालं की डॉ. साल्क यांची लस लागू पडते. ठिकठिकाणी चर्चच्या घंटा वाजल्या. एका बाईंना त्या दिवसाचं एवढंच आठवतं, की आई ओट्याशी बटाटे सोलत होती, रेडिओ चालू होता आणि ती सोलाणं हातात तसंच धरून रडायला लागली. बाईंना वाटलं, बोट कापलं.

आमच्या साताऱ्याच्या शाळेत कुबडी घेऊन येणारा मुलगा होता. त्याची कुणाला भीती वाटायची नाही, "त्याचं नशीब" म्हणायचे आणि विषय संपायचा. आपल्याकडे देशभर पल्स पोलिओ सुरू झाला १९९५ मध्ये. त्या घंटा ऐकू यायला चाळीस वर्षं लागली, याचा मला अजून राग येतो.

आता "छान होता का?" त्याचं उत्तर मला एका कृष्णवर्णीय मैत्रिणीने दिलं, तेही न विचारता. तिचे आईवडील दक्षिणेतल्या अलाबामातून डेट्रॉइटला कारखान्यात कामाला आलेले. दर उन्हाळ्यात गाडीने आजोळी जायचे. आई आदल्या रात्री चपलांच्या खोक्यांत मेणकागद घालून तळलेली कोंबडी, उकडलेली अंडी आणि केक भरायची, प्रत्येकाचं खोकं वेगळं. बाबा रात्रभर गाडी हाकायचे, मधे कुठे थांबायचे नाहीत. लघवीला गाडीतच कॉफीचा रिकामा डबा. हिला ही मोठी चैन वाटायची. रस्त्याकडेच्या हॉटेलांत बसून जेवणाऱ्या गोऱ्या पोरांची तिला कीव यायची, की बिचाऱ्यांच्या आया त्यांना खोकी भरून देत नाहीत! त्या हॉटेलांत आपल्याला घेतच नाहीत, हे तिला कितीतरी वर्षांनी कळलं.

म्हणून मी सांगते, छान होता, पण तो आपोआप छान नव्हता. मुलांपर्यंत काय पोचू द्यायचं आणि काय नाही, हे कुणीतरी रात्रंदिवस जागून ठरवत होतं. काळ्यांना दूर ठेवणं दक्षिणेतच होतं असंही नाही. डेट्रॉइटच्या एट माइल रस्त्याजवळ अर्धा मैल लांब आणि पुरुषभर उंच भिंत आहे. १९४१ मध्ये एका बिल्डरने ती काळ्यांची वस्ती आणि त्याची नवी गोऱ्यांची घरं यांच्यामध्ये घातली, का तर त्याशिवाय सरकार कर्जाची हमी देईना. भिंत आजही उभी आहे. तिच्या एका बाजूला वाढलेले आणि दुसऱ्या बाजूला वाढलेले, दोघेही आमच्या केंद्रात कॉफी प्यायला येतात आणि दोघांनाही आपली गल्ली जगात भारी वाटते.

बॉब-लोचंच घ्या. डेट्रॉइट नदीत, कॅनडाच्या हद्दीत हे बेट. तिथे तेव्हा पाळणे, झुले, जत्रेसारखी मजा असायची. शहरातून मोठ्या आगबोटी जायच्या, बोटीवर नाचायला लाकडी फरशी आणि बँड. यावर केंद्रातले पुरुष तासभर बोलू शकतात. १९४५ च्या जूनमध्ये सेरा एलिझाबेथ रे नावाची चोवीस वर्षांची मुलगी आपल्या वर्गातल्या मुलींबरोबर सहलीला त्या बोटीत चढली. सगळ्यांत तीच एक कृष्णवर्णीय. तिला उतरवलं. तिने तक्रार केली, कंपनीला पंचवीस डॉलर दंड झाला, कंपनी थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १९४८ मध्ये हरली. बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांच्या दहा वर्षं आधीची ही गोष्ट, पण मी सांगेपर्यंत आमच्या टेबलावर एकालाच माहीत होती.

तो एक म्हणजे माझी खोकंवाली मैत्रीण. तिच्या लहानपणी खटला जिंकून झाला होता, कायद्याने बोट खुली होती. तरी आई तिला कधी घेऊन गेली नाही. "मला बोट लागते गं," म्हणायची. मैत्रिणीचं लग्न ठरल्यावर होणारा जावई हट्टाने दोघींना घेऊन गेला. आईने जाताना डेकवर दोन हॉट डॉग खाल्ले, येताना जावयाबरोबर नाचली, आणि तिला काही बोट लागली नाही.