कोबेचं लुमिनारिए: आधी बाग, मग बंदर

१७ जानेवारी १९९५ ला पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी जपानमधलं कोबे हे बंदराचं शहर हादरलं. या भूकंपात ६,४३४ माणसं गेली. बहुतेक जण घरांखाली दबून गेले, कारण घरं जुन्या लाकडी बांधणीची आणि वर मातीत बसवलेली जड कौलं. सव्वा वर्ष आधी किल्लारीतही अशीच पहाट होती. तिथे दगडमातीच्या जाड भिंतींनी जीव घेतले.

कोबेच्या भूकंपात गेलेल्यांच्या आठवणीत त्याच वर्षी १५ ते २५ डिसेंबरला इटलीहून आलेल्या दिव्यांच्या कमानी शहराच्या रस्त्यात उभ्या राहिल्या. हेच लुमिनारिए. बेत एकदाच करायचा होता, पण त्या अकरा दिवसांत २५ लाखांवर लोक येऊन गेले आणि कोबेकरांनी तो बंद पडू दिला नाही. दिव्यांखाली उभं राहून रडणारी माणसं तेव्हाही होती, आजही दिसतात. म्हणून जपानमधल्या हिवाळी रोषणाईच्या यादीतलं एक ठिकाण एवढ्याच नजरेनं इथे जाऊ नये असं मनापासून वाटतं. संध्याकाळ कशी आखायची हेही त्यावरच ठरतं.

आधी तारखांचं. जुन्या प्रवासवर्णनांत डिसेंबर लिहिलेला असतो, त्यावर विसंबून तिकिटं काढू नका. कोविडमुळे २०२० ते २०२२ हा सोहळा नेहमीसारखा झाला नाही. २०२४ पासून तो जानेवारीत गेला. एकाच रस्त्यात लाखो माणसं कोंबली जाऊ नयेत म्हणून तो तीन ठिकाणी विभागलाही गेला: हिगाशी युएनची ही बाग, जुनी परदेशी वसाहत आणि बंदरावरचं मेरिकेन पार्क. तारखा दरवर्षी बदलतात आणि २०२५ मध्ये तर शेवट फेब्रुवारीत गेला. विमानाचं बुकिंग करण्याआधी अधिकृत घोषणा बघाच.

ओसाकाहून येताना जेआर रेल्वेची शिन-काइसोकु ही जलद गाडी पकडा. वेगळा अधिभार नाही, आणि वीस-बावीस मिनिटांत सान्नोमिया हे कोबेचं मुख्य स्टेशन येतं. शिंकान्सेन या बुलेट ट्रेनने आलात तर शिन-कोबेला उतरून मेट्रोनं एकच स्टेशन. सान्नोमियाहून फ्लॉवर रोडनं दक्षिणेला दहा मिनिटं चाललं की महापालिकेच्या इमारतीला लागून हिगाशी युएनची लागते.

इथे उजेड असतानाच पोचा. चार-साडेचारची वेळ उत्तम. दिवे लागल्यावर आलात तर गर्दीच्या ओघात बागेतल्या मूळ गोष्टी निसटून जातात. त्यातली पहिली म्हणजे काचेच्या पेटीत जळणारी गॅसची ज्योत, 'किबोउ नो आकारी', म्हणजे आशेचा दिवा. १७ जानेवारी २००० पासून ती तेवते आहे. जवळच स्मारक आहे आणि त्याच्या खाली उतरलं की गेलेल्यांची नावं लावलेली भिंत. तिथे फोटो काढत बसू नका, आवाज खाली ठेवा. कुणी एका नावावर बोट ठेवून उभं असेल तर मागून वाट काढून निघा. बागेत मरीना नावाचा एक पुतळाही आहे. त्याच्या हातातलं घड्याळ ५:४६ वर थांबलेलं आहे, दोन मिनिटं थांबून ते काटे नीट बघा.

अंधार पडला की वसाहतीतून बंदराकडे चालत जा, पंधरा-वीस मिनिटं लागतात. दगडी दर्शनी भिंतींच्या जुन्या इमारतींमधून जाणारी ही वाट स्वतःच बघण्यासारखी आहे.

मेरिकेन पार्कमधला मोठा भाग तिकिटाचा आहे. तिकीट आधीच काढून ठेवलेलं बरं. कमानींमागून कमानी लावून केलेल्या बोगद्याला गॅलेरिया म्हणतात आणि दिव्यांच्या गोलाकार भिंतीला स्पालिएरा. दोन्ही शब्द दक्षिण इटलीतल्या ग्रामदैवतांच्या जत्रांतून आलेत. जवळ गेलात की दिसतं, हे सगळं लाकडी पट्ट्यांच्या चौकटींवर उभं आहे, एखाद्या अजस्र मखरासारखं. पूर्वी छोटे बल्ब हातानं रंगवत, आता एलईडी आहेत. चौकटी उंच आणि हलक्या असल्यानं वारा त्यांना मानवत नाही. जोराचा वारा सुटला तर दिवे बंद ठेवतात, म्हणून कोबेत एकच रात्र ठेवू नका.

त्याच पार्कच्या पूर्व बाजूला भूकंपात फुटलेल्या धक्क्याचा साठेक मीटरचा तुकडा जसाच्या तसा ठेवला आहे. काँक्रीटचे ठोकळे पाण्यात कलंडलेले, दिव्यांचे खांब तिरके. बहुतेक पर्यटक गॅलेरियातून थेट जेवायला पळतात आणि हे बघायचं राहूनच जातं. रोषणाई पाहून झाल्यावर इथे पाच मिनिटं तरी द्या.

फोटोंबद्दल एक गोष्ट भारतातून आलेल्यांना हमखास नडते. आपली वीज ५० हर्ट्‌झची, पश्चिम जपानची ६०. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर ५० वर राहिलं किंवा शटर १/१०० ठेवलं की एलईडीच्या प्रकाशात आडवे पट्टे उमटू शकतात. सेटिंग ६० करा आणि शटर १/६० किंवा १/१२५ ठेवा. एक्सपोजर एक स्टॉप खाली घ्या, नाहीतर रंग जळून सगळे दिवे पांढरे येतात. गर्दीत ट्रायपॉड लावू नका, सेल्फी स्टिकही पिशवीतच राहू द्या.

खिशात १०० येनची नाणी ठेवा. पैशांची ओढाताण या सोहळ्याच्या पाचवीलाच पुजलेली आहे, तो देणग्यांवर तगून आहे. माणशी १०० येन टाकण्याचं आवाहन असतं. पेटी दिसली की टाका. घरच्या पाच जणांचे ५०० झाले तरी हात आखडू नका.

जानेवारीच्या अखेरीस रात्री पारा दोन-तीन अंशांवर येतो, आणि रोक्को डोंगरावरून उतरणारा वारा बंदरावर चांगलाच बोचतो. थर्मल, कानटोपी आणि कोणत्याही कॉम्बिनीत (कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात) मिळणाऱ्या काइरो या गरम पिशव्या घ्या. त्या कपड्यावरच चिकटवायच्या. उघड्या त्वचेवर तासन्‌तास राहिल्या तर भाजतं. लहान मुलं असतील तर शौचालय स्टेशनवरच उरकून निघा.

शाकाहारी असाल तर नानकिनमाची या चायनाटाउनमधल्या वाफाळत्या पावांत डुकराचं मांस असतं आणि उदोनच्या रश्शात मासळीचा अर्क. सान्नोमिया-कितानो भागात भारतीयांची जुनी वस्ती आहे, जैन मंदिरही आहे. भारतीय जेवण त्याच बाजूला शोधा.

परतताना मोतोमाची स्टेशन जवळ वाटतं, पण शिन-काइसोकु तिथे थांबत नाही. ओसाकाला जायचं असेल तर सरळ सान्नोमिया गाठा.

आणि १६-१७ जानेवारीला तिथे असाल तर रोषणाई नसली तरी हिगाशी युएनचीत जा. बांबूच्या आणि कागदी कंदिलांनी '१.१७' हे आकडे मांडतात. त्यांतल्या दिव्यांना त्याच गॅसच्या ज्योतीवरून अग्नी मिळतो आणि पहाटे ५:४६ ला सगळे मौन पाळतात. त्यासाठी सान्नोमियातच मुक्काम करा, दूरवरून पहिल्या गाडीनं वेळेवर पोचणं जमत नाही.