दारातलं डिझेल

कुपवाड एमआयडीसीत माझं पोकलेन-जेसीबी दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. त्याआधी फौजेत ईएमईत, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत होतो; बीएमपी, म्हणजे जवानांना नेणाऱ्या चेनवरच्या चिलखती गाड्या, सांभाळल्या. आपल्याकडं फौजेतनं आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात, मग तो हवालदार का असेना. मीही त्यातलाच एक मेजर.

तर मिरजेजवळच्या एका शिक्षणसंस्थेतनं फोन आला. सेवेतनं काढलेली बीएमपी-१ आवारात मांडायला आणलेली. ट्रेलरवरनं कशीबशी उतरवली, पण आता चौथऱ्याकडं सरकेना. "मेजर, चाकं जाम झाल्यात, हायड्रा क्रेनबी हरली."

चाकं जाम नव्हतीच. बाजूला सहा-सहा चाकं असतात ती नुसती वजन पेलतात, चेन फिरवतं ते पुढचं दातेरी चाक, स्प्रॉकेट. बीएमपीत इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही पुढं, ड्रायव्हर डाव्या अंगाला. गिअरबॉक्स आतनं धरला की स्प्रॉकेट अडकतं आणि चेन जागची हलत नाही. ठेकेदारानं तोवर चेन कापायला गॅस कटर मागवला होता. या माणसाला प्रत्येक आजारावर एकच औषध माहीत. मी चेन ताणून धरणाऱ्या मागच्या चाकाचा, आयडलरचा, ताण सैल केला, पिन ठोकून काढली, दोन्ही चेनी जमिनीवर अंथरल्या. मग हायड्रानं नुसत्या चाकांवर गाडी ओढली. एका खड्ड्यात ती अशी डुलली की पोटाखालच्या टॉर्शन बारमध्ये, म्हणजे स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्यांत, अजून जीव आहे हे कळलं. इतकी वर्षं उघड्यावर पडून! बरं वाटलं.

चहाला ट्रस्टी भोवती जमले. एकानं विचारलं, "ही पाण्यात चालते म्हणे. २०१९ च्या पुरात सांगलीत असती तर?" चालते की. पुढची फळी उभी करायची, आत शिरणारं पाणी फेकायचे पंप सुरू करायचे, चेनच पाणी मागं ढकलते. पण वेग ताशी ७ किलोमीटर, तोही संथ पाण्यात. आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर असताना ही १३ टनांची गाडी थेट नरसोबाच्या वाडीला दर्शनाला पोचली असती.

सगळे हसत होते आणि मागनं वेल्डिंगचा चर्र आवाज आला.

कप टाकून पळालो. एक विशीतलं पोरगं मागच्या दारांना बाहेरनं टॅक, म्हणजे वेल्डिंगचे टाके, मारत होतं. "होल्डर खाली ठेव!" असा ओरडलो की ते दचकून मागंच सरलं. "ट्रस्टीनं सांगितलंय मामा, पोरं आत शिरत्यात म्हणून दारं बंद करायची."

बीएमपीची मागची दोन्ही दारं पोकळ असतात. त्या डिझेलच्या टाक्या आहेत.

ऐकणाऱ्याला हे खरं वाटत नाही. गाडीची उंची जेमतेम दोन मीटर, त्यात तिघांचा क्रू आणि आठ जवान बसवायचे. सगळं मिळून ४६० लिटरच्या आसपास डिझेल ठेवायचं कुठं? मोठी टाकी मधोमध आणि तिच्या दोन्ही बाजूंना चार-चार जवान, टाकीला पाठ लावून. उरलेलं दारात. लढाईला जाण्याआधी दारातलं संपवून टाकायचं, असा नियम. ज्या दारातनं जवान उडी मारणार त्याच दारात डिझेल ठेवणाऱ्याबद्दल माझं मत इथं लिहिण्यासारखं नाही.

गाडीबरोबरच्या कागदावर 'इंधन काढले आहे' असं होतं. मोठ्या टाकीबद्दल ते खरंही होतं. उजव्या दाराचं टोपण सैल केलं आणि वास नाकात भरला. तळाशी थोडंसं साठलेलं. लोक म्हणतात, डिझेल काय पेट्रोलसारखं भडकत नाही. गार असताना नाहीच. पण वेल्डिंगनं पत्रा तापला की तळातल्या त्या थोड्याशाचीच वाफ होते, आणि टाकी रिकामी म्हणून तिला हवाही भरपूर मिळते. काठोकाठ भरलेल्या टाकीपेक्षा हे वाईट.

दोन्ही दारं रिकामी करून धुवायला लावली. टॅक ग्राइंडरनं उडवायचे होते, त्याच्याही ठिणग्या पडतात, म्हणून आधी पाणी काठोकाठ भरून घेतलं. शेवटी दारांना साखळी आणि कुलूप लावलं. एवढ्यानं भागत होतं.

ते टॅक डोक्यातनं जात नाहीत. वरच्या कडेला होते म्हणून वाचलं, का पोरानं ते भराभर मारले म्हणून? खालच्या कडेपासून सुरुवात केली असती तर? ठेकेदाराला हे सांगितलं तर म्हणतो, "झालं का काय? न्हाई न्हवं?" वर काम थांबलं म्हणून पोराची अर्धी रोजी कापली.

माझं बिल संस्थेला अजून द्यायचंय. ती अर्धी रोजी त्यात कुठल्या नावानं लावावी, एवढंच ठरत नाही.