आठ महिने कपाटात राहिलेला हेडफोन

श्रावणात दोन दिवस चिपळूणला आत्याकडे गेले होते. दुपारची जेवणे उरकल्यावर तिने कपाटातून एक कापडी पिशवी काढली आणि त्यातला हेडफोन माझ्या हातात देत म्हणाली, "हा गेला गं. काल रात्रभर चार्जिंगला लावला होता, तरी दिवासुद्धा लागत नाही. द्यायचा का टाकून?" हा बिनतारी हेडफोन मीच तिला दिवाळीत दिला होता. रात्री उशिरापर्यंत नाट्यसंगीत ऐकण्याची तिला जुनी सवय आहे आणि भिंतीपलीकडे नातवंडे झोपलेली असतात, म्हणून. महिनाभर तिने तो रोज वापरला. पुढे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, मग मुलीचे बाळंतपण अशी एकामागून एक कामे निघत गेली आणि हेडफोन आठ महिने कपाटातच राहिला.

असे "गेलेले" हेडफोन मी घरच्यांचे आणि मैत्रिणींचे मिळून बरेच हाताळले आहेत आणि त्यांतले बहुतेक पुन्हा सुरू झाले आहेत. एक तर त्यांच्यापर्यंत वीज पोहोचलेली नसते, किंवा पोहोचलेली वीज घेण्याइतका वेळ त्यांना कोणी दिलेला नसतो. म्हणून अशी तक्रार आली की भिंतीतल्या सॉकेटपासून आतल्या बॅटरीपर्यंत वीज कुठवर जाते, हे मी एकेक टप्प्याने पाहत जाते आणि तो शोध पूर्ण होईपर्यंत हेडफोन निकामी झाला असे म्हणत नाही.

त्याआधी बटणाची खात्री करून घ्यावी लागते. बहुतेक हेडफोनचे बटण दोन ते तीन सेकंद दाबून धरावे लागते. नुसते टिचकीसारखे दाबले तर काहीच होत नाही, आणि ते मुद्दामच तसे केलेले असते, कारण नाहीतर पिशवीतल्या पिशवीत बटणावर दाब पडून तो आपोआप सुरू होत राहील. त्याहून जास्त, पाच-सात सेकंद दाबले की बरेच हेडफोन नव्या फोनशी जोडी जमवण्याच्या अवस्थेत जातात. दुसरी गोष्ट अशी की काही हेडफोन चार्जिंगची केबल लावलेली असताना सुरूच होत नाहीत. सोनीच्या डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ या लोकप्रिय हेडफोनमध्येही तशीच रचना आहे. बंद पडला म्हणून केबल लावायची आणि लावलेल्या अवस्थेतच बटण दाबून पाहायचे, हे आपण सगळेच करतो. अशा हेडफोनच्या बाबतीत ती परीक्षाच चुकीची ठरते. अ‍ॅपलच्या एअरपॉड्स मॅक्सला तर सुरू-बंद करण्याचे बटणच नाही. आत्याच्या हेडफोनचे बटण मी केबल काढून दहा सेकंद दाबून धरले. दिवा लागला नाही.

मग मी तिला केबल दाखवायला सांगितले, आणि तिथेच अर्धा उलगडा झाला. हेडफोनबरोबर आलेली आखूड केबल केव्हाच हरवली होती. आत्याने वापरली होती ती भाच्याच्या नव्या फोनची केबल, दोन्ही टोकांना सारखेच लंबगोल टाइप-सी तोंड असलेली, आणि त्याच फोनचा मोठा चार्जर. केबल उत्तम, चार्जर उत्तम, आणि तरीही रात्रभरात हेडफोनमध्ये विजेचा थेंबही गेलेला नव्हता.

हे कसे होते ते समजून घेण्यासारखे आहे, कारण स्वस्त हेडफोन, टॉर्च, दाढीची यंत्रे, छोटे पंखे अशा कितीतरी वस्तूंत हा दोष असतो. जुन्या चपट्या, आयताकृती तोंडाच्या यूएसबी सॉकेटमध्ये ५ व्होल्टचा दाब कायम असतो. काहीही जोडा, वीज तयारच असते. टाइप-सी सॉकेट मात्र समोर कोणीतरी वीज मागणारे आहे याची खूण पटल्याशिवाय वीज सोडत नाही. ती खूण म्हणजे वस्तूच्या आत बसवलेले ५.१ किलोओहमचे दोन चिमुकले रोधक (रेझिस्टर). हे रोधक काही पैशांचे असतात, पण खर्च वाचवण्यासाठी किंवा निष्काळजीपणामुळे काही उत्पादक ते बसवतच नाहीत. मग दोन्हीकडे टाइप-सी असलेली केबल लावली की चार्जर खुणेची वाट पाहत राहतो आणि हेडफोन विजेची. नामवंत उत्पादनांतही अशी चूक झालेली आहे: २०१९ साली आलेल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाच्या पहिल्या आवृत्तीत दोन पिनांना मिळून एकच रोधक दिलेला होता आणि काही चांगल्या प्रतीच्या केबलींवर तो संगणक सुरूच होत नसे. पुढच्या आवृत्तीत ती चूक दुरुस्त झाली.

उपाय सोपा आहे. एका टोकाला जुने चपटे तोंड आणि दुसऱ्या टोकाला टाइप-सी अशी केबल घ्यावी आणि ती जुन्या मोबाइलच्या साध्या चार्जरला किंवा संगणकाला लावावी. मोठ्या वॉटच्या चार्जरने हेडफोन जळेल अशी भीती अनेकांना वाटते. चांगला चार्जर समोरच्याने मागितल्याशिवाय ५ व्होल्टच्या वर जात नाही, त्यामुळे ती भीती अनाठायी आहे. भीती बाळगायचीच तर रस्त्यावर मिळणाऱ्या, भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक नसलेल्या चार्जरची बाळगावी.

केबल लावण्यापूर्वी मी हेडफोनचे चार्जिंगचे भोक टॉर्चच्या उजेडात पाहिले. तळाशी पिशवीच्या कापडाचा बारीक तंतूंचा बोळा दाबून बसला होता. चार्जिंगचे टोक पूर्ण आत न बसता किंचित बाहेर राहत असेल, किंवा सैल वाटत असेल, तर आधी हाच संशय घ्यावा. लाकडी दातकोरणीचे टोक चाकूने तासून चपटे केले आणि कडेकडेने तो बोळा वर ओढून काढला. सुई किंवा टाचणी इथे कधीही वापरू नये. मधल्या जिभेवरचे संपर्कबिंदू अतिशय नाजूक असतात. कोकणातल्या पावसाळ्याने त्या बिंदूंवर आपली खूणही सोडली होती. पितळेच्या भांड्याला कल्हई नसली की जसा हिरवा कळंक धरतो, तसा एक हिरवट ठिपका दोन पिनांवर दिसत होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून जवळजवळ कोरड्या केलेल्या मऊ ब्रशने तो निघाला. त्यानंतर पंख्याखाली अर्धा तास वाळू दिले. ओल असताना चार्जिंग केले तर तोच कळंक झपाट्याने वाढतो.

माझ्याकडे एक यूएसबी मीटर असतो. बोटभर लांबीची ही वस्तू चार्जर आणि केबल यांच्यामध्ये बसते आणि किती व्होल्ट, किती अँपियर जात आहेत ते दाखवते. दोनतीनशे रुपयांत मिळणाऱ्या या मीटरने माझे जितके काम सोपे केले आहे, तितके दुसऱ्या कुठल्याच हत्याराने केलेले नाही. शेजारच्या घरातून चपट्या तोंडाची केबल मागून आणली, मध्ये मीटर लावला आणि हेडफोन जोडला. पडद्यावर आकडा आला: ५.०८ व्होल्ट, ०.०३ अँपियर. हेडफोनचा दिवा बंदच होता, पण वीज आत जात होती. आत्याला म्हटले, "आता याला हात लावू नकोस. अर्धा तास इथेच बसू या."

इतक्या कमी विजेचे कारण बॅटरीच्या स्वभावात आहे. हेडफोनमधल्या लिथियम बॅटरीचा दाब पूर्ण भरलेली असताना ४.२ व्होल्ट असतो आणि सरासरी ३.७ धरतात. हेडफोन बंद असला तरी आतले सर्किट अगदी किंचित वीज खातच असते. समजा ते फक्त ५० मायक्रोअँपियर घेत असेल, तरी आठ महिन्यांत जवळजवळ २८८ मिलिअँपियर-तास खर्च होतात, आणि अशा हेडफोनची सगळी बॅटरीच चारशेच्या आसपास असते. दाब खूप खाली, साधारण अडीच व्होल्टच्या आसपास आला की बॅटरीला चिकटवलेली संरक्षक सर्किटची पट्टी तिचा बाहेरच्या जगाशी संबंध तोडते. त्यानंतर बटण कितीही दाबले तरी हेडफोनला काही कळत नाही. चार्जर जोडल्यावरही नियंत्रक चिप एकदम पूर्ण वीज सोडत नाही, कारण उपाशी बॅटरीला एकदम भरपूर वीज दिली तर ती बिघडते. दाब ३ व्होल्टच्या जवळ येईपर्यंत ती नेहमीच्या दहाव्या हिश्शाइतकीच वीज देत राहते. लंघनानंतर माणसाला आधी पेज देतात, तसेच हे आहे. कित्येक हेडफोनचा दिवा या काळात लागतच नाही, आणि नेमक्या याच काळात, पाचदहा मिनिटांत, लोक केबल काढून घेतात.

आम्ही बसून राहिलो. आत्याने वालाच्या शेंगा निवडायला घेतल्या. अठरा-वीस मिनिटे आकडा ०.०३ वरच होता. मग तो ०.०४ झाला, एकदा शून्यावर जाऊन परत आला, आणि अचानक ०.२६ वर उडी मारून स्थिर झाला. त्याच क्षणी उजव्या कानाच्या गादीखालचा टाचणीच्या डोक्याएवढा लाल दिवा लागला. आत्याने चष्मा सारखा करून तो दोनदा पाहिला.

अशा वेळी मी एक पथ्य कटाक्षाने पाळते. महिनोन्महिने पूर्ण रिकामी राहिलेली बॅटरी पहिल्यांदा भरताना ती गादीवर, उशीवर किंवा सोफ्यावर ठेवत नाही, फरशीवर ठेवते आणि जवळ बसते. फार खोल रिकाम्या झालेल्या बॅटरीत आतल्या तांब्याच्या पत्र्याचा अंश विरघळतो आणि पुन्हा भरताना तो नको तिथे जमून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. हेडफोन हाताला गरम लागला, कानाचे कवच सांध्यातून उघडल्यासारखे दिसले, गोडसर रासायनिक वास आला, यांतले काहीही जाणवले तर केबल काढायची आणि पुन्हा प्रयत्न करायचा नाही. फुगलेली बॅटरी दाबून बसवू नये, टोचू नये आणि घंटागाडीतही टाकू नये. कचरा दाबणाऱ्या यंत्रात ती पेट घेऊ शकते. ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रातच ती द्यावी.

वीज नीट जात असूनही हेडफोन सुरू होत नसेल, तर आतली आज्ञावली (सॉफ्टवेअर) अडकलेली असू शकते. त्यासाठी प्रत्येक कंपनी बटणांची एक ठरावीक जुळणी ठेवते. वर उल्लेख केलेल्या सोनीच्या हेडफोनमध्ये केबल काढून, तो बंद असताना, पॉवर आणि कस्टम ही दोन बटणे सात सेकंद एकत्र दाबून धरली की तो मूळ अवस्थेत जातो आणि निळा दिवा चार वेळा लुकलुकतो. असे केल्यावर फोनशी जमलेली जुनी जोडी पुसली जाते, म्हणून फोनच्या ब्लूटूथ यादीतूनही हेडफोनचे नाव काढून नव्याने जोडावे लागते. हे न केल्यामुळे "सुरू होतो पण आवाज येत नाही" अशी दुसरी तक्रार लगेच उभी राहते.

एवढे करूनही मीटरवर शून्यच दिसत असेल, तर मात्र खरोखर काहीतरी तुटलेले असते. घडी घालता येणाऱ्या बऱ्याच हेडफोनमध्ये बॅटरी एका कानात आणि मुख्य सर्किट दुसऱ्या कानात असते. दोन्हींना जोडणाऱ्या केसासारख्या तारा डोक्यावरच्या पट्टीतून जातात आणि बिजागरीपाशी झिजून तुटतात. माझ्या स्वतःच्या जुन्या हेडफोनची बॅटरीच संपली होती. तो पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत नेला, तेव्हा तिथल्या कारागिराने बॅटरीवरचा आकडा वाचायला शिकवले. ५०२०३० असे छापलेले असेल तर ती ५ मिलिमीटर जाड, २० रुंद आणि ३० लांब असते. दोन तारांची की तीन तारांची, हेही पाहावे लागते. तिसरी तार बहुधा तापमान मोजणारी असते आणि ती न जोडता बॅटरी बदलली तर काही हेडफोन चार्जिंगच नाकारतात. त्याने पिवळी चिकटपट्टी सोलून खालची हिरवी संरक्षक पट्टी दाखवली आणि ती नसलेली बॅटरी कोणी दिली तर घेऊ नका, असे बजावून सांगितले. तो हेडफोन अजून चालतो आहे. युरोपीय संघाने १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा वस्तूंतली बॅटरी ग्राहकाला सहज बदलता आली पाहिजे असा नियम केला आहे. आपल्याकडेही तो यावा असे मला मनापासून वाटते, कारण बोटाच्या पेराएवढी बॅटरी थकली म्हणून उत्तम स्पीकर, गाद्या आणि पट्टी यांसह सगळा हेडफोन फेकावा लागणे मला पटत नाही.

आत्याचा हेडफोन वर्षाच्या हमीत होता, म्हणून तो उघडण्याचा विचार मी केलाच नसता. हमी असेल तर पावती शोधावी, सेवा केंद्रात लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा, आणि तिथे दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलावे.

दोन तासांत लाल दिवा बदलून हिरवा झाला. केबल काढली, बटण तीन सेकंद दाबले, आणि बारीक सूर वाजून हेडफोन सुरू झाला. आठ महिन्यांच्या उपवासाने बॅटरीची ताकद थोडी घटली असणार. पूर्वी आठवडाभर पुरायचा तो आता चार-पाच रात्री पुरेल, असे मी तिला सांगितले. वापर नसेल तेव्हा निम्मा भरून ठेवायचा, अगदी रिकामा नाही आणि काठोकाठही नाही, आणि मधूनमधून चार्ज करायचा. सोनीची मार्गदर्शिका सहा महिन्यांतून एकदा म्हणते. कोकणातली हवा पाहता मी आत्याला दोन महिन्यांचा नियम घालून दिला. तिने स्वयंपाकघरातले कालनिर्णय उतरवले आणि एक महिना सोडून एक अशा प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेवर पेन्सिलीने छोटे "हे" लिहिले. चपट्या तोंडाची एक नवी केबल बाजारातून आणून मी पिशवीच्या नाडीलाच बांधून ठेवली.