स्लीप ॲप्नियाचा रिपोर्ट आलाय, आता पुढे काय?

नवऱ्याला स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास थांबत राहण्याचा आजार, आहे. त्याला सीपॅप, म्हणजे नाकावाटे दाबाने हवा सोडणारं मशीन, लागल्यापासून आमच्या ओळखीत कुणाचाही स्लीप स्टडीचा, म्हणजे झोपेच्या तपासणीचा, रिपोर्ट आला की फोन मला येतो, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मशीन लावावंच लागेल का गं? दुसरं काही नाही का?" दुसरं आहे, बरंच आहे, पण कुणाला काय चालेल हे रिपोर्टमधल्या आकड्यावर, जबड्याच्या ठेवणीवर, वजनावर आणि खरं सांगायचं तर घरातले किती साथ देतात त्यावर असतं. दर वेळी फोनवर तासभर बोलण्यापेक्षा एकदा सगळं लिहूनच ठेवते. मी डॉक्टर नाही, पण हे घरात रोज बघतेय आणि त्यावर भरपूर वाचलंय, डॉक्टरांना भरपूर विचारलंय.

आधी रिपोर्ट कसा वाचायचा ते. त्यात एएचआय नावाचा आकडा असतो, म्हणजे झोपेत तासाला सरासरी किती वेळा श्वास थांबला किंवा खूप कमी झाला. निदान दहा सेकंद तसं झालं तरच ते मोजतात. पाचच्या आत नॉर्मल, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर गंभीर. आमच्याकडे आकडा आला ४२, आणि रक्तातला ऑक्सिजन खाली ७६ टक्क्यांपर्यंत गेलेला. म्हणजे तासाला ४२ वेळा, रात्रभर, आणि त्याला स्वतःला यातलं काहीही माहीत नाही, तो सकाळी उठून म्हणणार मस्त झोप लागली, फक्त डोकं जड आहे. म्हणून घोरणाऱ्याला विचारून उपयोग नाही, शेजारी झोपणाऱ्याला विचारा. श्वास मध्येच थांबतो, घोरणं एकदम बंद होतं, मग जोरात हुंदका दिल्यासारखा आवाज येतो, हे चित्र असेल तर टेस्ट करायलाच हवी.

आणि हे फक्त जाड्या पुरुषांचं दुखणं आहे हा समज पहिल्यांदा डोक्यातून काढा. गळ्याचा घेर पुरुषात १७ आणि बाईत १६ इंचांच्या पुढे असेल तर धोका जास्त हे खरं, पण खालचा जबडा लहान किंवा मागे असलेल्या बारीक माणसांनाही होतो. बायकांना पाळी गेल्यावर प्रमाण वाढतं, आणि त्यांच्यात घोरण्याची तक्रार पुढे येतच नाही, तर थकवा, झोप न लागणं, सकाळची डोकेदुखी, चिडचिड असलं काहीतरी सांगितलं जातं. माझी मावशी कित्येक दिवस "वयानुसार होतंच" म्हणून बसली होती. बीपी तीन गोळ्यांनीही आटोक्यात येत नव्हतं तेव्हा कुठे एका फिजिशियनने झोपेबद्दल विचारलं.

आता उपाय. मध्यम आणि गंभीर प्रकारात पहिलं नाव सीपॅपचंच येतं आणि त्याला कारण आहे. झोपल्यावर घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे जाते, श्वासाची वाट मिटते. नाकावाटे थोड्या दाबाने हवा सोडली की ती वाट उघडी राहते, हवा भरलेली सायकलची ट्यूब कशी गोल राहते तसं. एवढंच तत्त्व. १९८० साली सिडनीत कॉलिन सुलिवन नावाच्या डॉक्टरांनी हे पहिल्यांदा माणसावर करून बघितलं, व्हॅक्युम क्लीनरसारखी मोटर उलटी फिरवून आणि नाकाला मास्क चक्क चिकटवून, आणि १९८१ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्याआधी गंभीर पेशंटला गळ्याला भोक पाडून नळी बसवणं हाच खात्रीचा इलाज होता. हे वाचल्यावर मला त्या मशीनबद्दल फार आदर वाटायला लागला, खरंच.

पण माझं सगळ्यात महत्त्वाचं म्हणणं इथे आहे. मशीन घेतल्याने माणूस बरा होत नाही, ते रोज रात्री लागलं तर होतो, आणि ते लागेल की नाही हे बहुतेक वेळा मास्कवर ठरतं. किती घरांमध्ये पन्नास-साठ हजारांचं मशीन कपाटावर धूळ खात पडलंय! विचारलं की उत्तर, "सहन नाही झालं." अहो पण मास्क कोणता दिला होता? तर जो दुकानात होता तो.

आमच्याकडे पण पहिला मास्क मोठा, नाक-तोंड दोन्ही झाकणारा, म्हणजे फुल फेस दिला होता. नवऱ्याला मिशी, तीही भरघोस, त्यामुळे कडेने हवा फुस्स करून डोळ्यात जायची, मग तो पट्टे आवळायचा, सकाळी नाकावर लाल वळ, आणि रात्री दोन वाजता मास्क उशीखाली. स्लीप लॅबमधल्या टेक्निशियन ताईंनी त्याला खुर्चीत न बसवता कॉटवर आडवा केला, मशीन त्याच्या नेहमीच्या दाबावर चालू केलं, आणि मग मास्क लावून कुशीवर वळायला सांगितलं. बसल्यावर मास्क नीट बसतो हो, पण आडवं झालं की गालाचं मांस सरकतं आणि लीक तिथेच कळतो. मग त्यांनी पट्टे आवळायच्या ऐवजी सैल केले, मास्क किंचित उचलून परत टेकवला, की त्याची आतली गादी हवेने फुगून आपोआप बसली. शेवटी त्याला नाकपुड्यांना टेकणारा छोटा, नेझल पिलोवाला मास्क बसला. मिशीचा प्रश्नच मिटला. एवढ्या एका गोष्टीने जे झालं ते नंतरच्या कुठल्याच सेटिंगने झालं नसतं.

तर मास्क घेताना आडवं होऊन, दाब चालू करूनच बघा. आणि बऱ्याच शहरांत मशीन महिनाभर भाड्याने मिळतं, आधी तेच करा, भाड्याच्या काळात दोन-तीन प्रकारचे मास्क बदलून द्याल का हे स्पष्ट विचारा, नाही म्हणाले तर दुसरा डीलर बघा. तोंड उघडं राहणाऱ्यांना नाकाचा मास्क पुरत नाही, तोंडातून हवा निघून जाते आणि सकाळी घसा कोरडाठाक, त्यांना फुल फेस लागू शकतो किंवा हनुवटीचा पट्टा. नाक सुकत असेल तर ह्युमिडिफायर, म्हणजे मशीनचा हवा ओलसर करणारा भाग, चालू ठेवायचा, त्यात डिस्टिल्ड पाणी, रोज बदलून. एसीत झोपत असाल तर पाइपमध्ये पाणी साचून गुळगुळ आवाज येतो, पाइपला कापडी कव्हर घातलं की थांबतं. गुदमरल्यासारखं वाटणाऱ्यांनी आधी संध्याकाळी टीव्ही बघताना, जागेपणी लावून बसायचं, झोपेचा संबंध नंतर. रॅम्प नावाचं बटण असतं, दाब हळूहळू वाढतो, ते वापरा.

लाइट गेली तर? हा प्रश्न मला गावाकडच्या प्रत्येकाने विचारलाय. मास्कला श्वास बाहेर जायला बारीक भोकं असतात आणि फुल फेसला हवा आत यायला वेगळी झडप असते, त्यामुळे मशीन बंद पडलं तरी माणूस गुदमरत नाही, जागा होतो आणि मास्क काढतो. घरी इन्व्हर्टर असेल तर उत्तमच, फक्त त्यावर चालवताना ह्युमिडिफायर बंद ठेवा, जास्त वीज तोच खातो.

मशीनमध्ये किंवा ॲपवर किती तास वापरलं, किती लीक, आणि मशीन लावूनही एएचआय किती राहिला हे सगळं दिसतं. ते घेऊन डॉक्टरकडे जा. नुसतं "बरं वाटतंय" सांगू नका. आमचा ४२ चा आकडा आता दोन-तीनच्या आसपास असतो, आणि तो रविवारी जेवल्यावर पेपर वाचतो, पेपर तोंडावर घेऊन झोपत नाही.

खर्चाचं पण बोलूया. मेडिक्लेममध्ये बऱ्याच पॉलिसी मशीनचे पैसे देत नाहीत, आधीच विचारून घ्या. केंद्र सरकारी नोकरीतल्यांना सीजीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेतून सीपॅपची सोय आहे, त्याचे नियम आणि कागदपत्रं आहेत पण मिळतं.

ज्यांना मशीन खरंच जमत नाही किंवा ज्यांचा त्रास सौम्य ते मध्यम आहे त्यांच्यासाठी तोंडात घालायचं उपकरण असतं, खालचा जबडा थोडा पुढे धरून ठेवणारं. जबडा पुढे आला की जीभही पुढे येते. हे झोपेच्या आजाराचं काम केलेल्या डेंटिस्टकडूनच, मापं घेऊन बनवून घ्यायचं. ऑनलाइन मिळणारं, गरम पाण्यात मऊ करून दातांवर दाबायचं ते आणि हे एक नाही. पुरेसे दात शाबूत हवेत, सुरुवातीला लाळ येते, जबडा दुखतो, काहींचे दात जुळण्याची पद्धत थोडी बदलते. आणि ते घालून परत स्लीप स्टडी करायची, कारण घोरणं कमी झालं म्हणजे श्वास थांबणं थांबलं असं नसतं. लोक नेमकं हेच विसरतात.

ऑपरेशनबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते कारण लोकांना वाटतं एकदाच काय ते करून टाकू. नाकाचं वाकडं हाड सरळ केल्याने बहुतेक वेळा ॲप्निया जात नाही, पण नाक मोकळं झाल्याने मशीन सोसतं, तेवढ्यासाठी ते उपयोगाचं. टाळू आणि पडजिभेचं जुनं ऑपरेशन काहींना लागू पडतं, काहींना नाही, आणि काही वर्षांनी त्रास परत येऊ शकतो. म्हणून आधी औषधाने झोपवून दुर्बिणीतून वाट नेमकी कुठे मिटते ते बघतात, ही तपासणी न करता कुणी थेट तारीख देत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. वरचा-खालचा जबडा पुढे आणण्याचं ऑपरेशन खूप परिणामकारक आहे पण फार मोठं आहे. जिभेच्या नसेला झोपेत विजेचा हलका झटका देणारं, छातीत बसवायचं यंत्रही आहे, अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळालेलं, पण त्यालाही वजनाच्या आणि घशाच्या रचनेच्या अटी आहेत. लहान मुलांचं मात्र वेगळं. तिथे बहुतेक वेळा टॉन्सिल आणि ॲडेनॉइड (नाकाच्या मागच्या गाठी) वाढलेले असतात आणि ते काढणं हाच पहिला उपाय, त्यामुळे घोरणाऱ्या, तोंड उघडं टाकून झोपणाऱ्या पोराला ईएनटीकडे न्याच.

वजन. हो, कमी झालं की फरक पडतो, दहा टक्के वजन उतरलं की एएचआय साधारण पाव हिश्श्याने कमी झाल्याचं अभ्यासात दिसलंय. पण "आधी वजन कमी करतो मग मशीनचं बघू" हे कृपा करून नको. झोपच धड नाही त्या माणसाला पहाटे उठून चालायला ताकद कुठून येणार? मशीन आणि वजन दोन्ही एकदम सुरू करा. हल्ली वजन उतरवणाऱ्या टिर्झेपटाइडच्या इंजेक्शनबद्दल सगळे विचारतात, तेच, मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे मौंजारो नावाने आलेलं. अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणा असलेल्या मध्यम ते गंभीर ॲप्नियासाठी त्याला मान्यता मिळाली, या आजारासाठी मान्यता मिळालेलं ते पहिलं औषध. चाचण्यांमध्ये एएचआय तासाला सरासरी २५ ते २९ ने उतरला, ही मोठीच गोष्ट आहे. पण लठ्ठपणा नसलेल्यांसाठी ते नाही, थांबवलं की वजन परत येऊ लागतं, आणि मळमळ-उलट्या होतात. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय, जिममधल्या कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका.

फक्त पाठीवर झोपल्यावरच त्रास होणारेही असतात, रिपोर्टमध्ये ते लिहिलेलं असतं, त्यांना कुशीवर झोपण्याने बराच फायदा होतो. टीशर्टला पाठीमागे खिसा शिवून त्यात चेंडू ठेवायचा, साधा उपाय आहे आणि सौम्य त्रासात चालतो. रात्रीची दारू आणि मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या बंद, दोन्हीने घसा आणखी सैल पडतो. आणि शंख! जयपूरच्या डॉक्टरांनी २०२५ मध्ये एक अभ्यास छापला, ३० जणांचा, सहा महिने रोज साधारण १५ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस शंख फुंकणाऱ्यांचा एएचआय चार-पाचने कमी झाला आणि दिवसाची पेंग कमी झाली. मला ते आवडलं, घशाचे स्नायू बळकट होतात हे पटण्यासारखं आहे. पण ३० जणांचा अभ्यास आहे, आणि ४२ मधून पाच गेले तर ३७ उरतात. शंख जरूर वाजवा, मशीन लावून झोपा.

एवढं जीव तोडून सांगते कारण हा आजार साधा नाही. बप्पी लाहिरी फेब्रुवारी २०२२ मध्ये गेले तेव्हा डॉक्टरांनी कारण म्हणून हेच नाव सांगितलं होतं. बीपी, हृदयाचे ठोके अनियमित होणं, पक्षाघात, सगळ्याशी याचा संबंध आहे, आणि गाडी चालवताना डुलकी लागली तर रस्त्यावरच्या दुसऱ्या कुणाचा जीव जातो. एक्सप्रेसवेवर रोज ये-जा करणाऱ्यांनी, ट्रक-बस चालवणाऱ्यांनी, इलाज नीट सुरू होऊन पेंग जाईपर्यंत लांबची गाडी चालवू नये.

शेवटचं एक, मावशीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी कळलेलं. कुठलंही ऑपरेशन असो, दाताचं गुंगी देऊन केलेलं असो की मोतीबिंदू, भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्लीप ॲप्निया आहे हे स्वतःहून सांगायचं, रिपोर्टची कॉपी फाइलला लावायची. भुलीची आणि दुखण्याची काही औषधं घसा सैल करतात, श्वास मंद करतात, त्यामुळे ऑपरेशननंतरची पहिली रात्र जपायची असते. मावशीने मशीन आणि तिचा स्वतःचा मास्क हॉस्पिटलमध्ये नेला, वॉर्डातल्या सिस्टरना मास्क कसा लावायचा ते मावसबहिणीने आधीच दाखवून ठेवलं, कारण शुद्धीवर येताना पेशंटला स्वतःला ते जमत नाही. एक्स्टेंशन बोर्ड पण बरोबर न्या, वॉर्डातला प्लग कॉटपासून लांब असतो.