एका माशासाठी तीन पानं

मागच्या मंगळवारी इथे नॉर्वेतल्या आमच्या प्रयोगशाळेत एक मासा टबातून उडी मारून फरशीवर पडला आणि मेला. वजन 212 ग्रॅम. जात टिलापिया, उजनीकडे चिलापी म्हणतात ती. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मग? तळला का नाही बे?"

तळला नाही, बाबा. त्याच्यासाठी तीन पानांचा फॉर्म भरला. पाण्याबाहेर किती सेकंद होता, गुंगी दिली होती का, हातमोजे ओले होते का (कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो), पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करणार. सगळं लिहून सही केली. युरोपच्या 2010 च्या निर्देशात मासाही उंदरासारखाच प्रयोगप्राणी आहे, आणि नॉर्वेतही तोच नियम. माशाला हात लावण्याआधी कोर्स केला, परीक्षा दिली. तेलंगखेडीच्या मत्स्य महाविद्यालयातून पदवी घेऊन आलेल्या माणसाला मासा कसा धरायचा ते शिकवत होते! राग आला. अजून थोडा आहेच.

कारण मासा धरणं मी ज्यांच्याकडून शिकलो ते भंडाऱ्याचे ढिवर (मासेमार समाजातले) काका. मादीच्या पोटावर अंगठा फिरवून "आज टोचा" किंवा "उद्या पाहू" सांगायचे. संध्याकाळी संप्रेरकाचं इंजेक्शन, पहाटे अंडी. ते इंजेक्शन देऊन आपल्या मोठ्या कार्प माशांना कैदेत अंडी घालायला लावायची किमया हिरालाल चौधुरींनी 10 जुलै 1957 ला करून दाखवली. आज विदर्भातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत सुटणारी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, त्याच कामाची देणगी आहे. काकांनी फॉर्म एकही भरला नाही, आणि मासे मरायचेही बरेच. किती, ते कोणी मोजलंच नाही. इथे मी हटकून गप्प बसतो.

परवा इथला एक सहकारी सहज म्हणाला, "तुमचा जयंती रोहू आमच्याच पद्धतीने झाला ना?" जयंती म्हणजे निवडक पैदाशीतून तयार केलेला, लवकर वाढणारा रोहू. त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. 1992 मध्ये भुवनेश्वरला नॉर्वेच्या संशोधकांसोबत काम सुरू झालं, सॅमन माशावर घोटलेली कुटुंबवार निवडीची (चांगली वाढणारी कुटुंबं निवडून पुढची पैदास करायची) पद्धत त्यांची होती. पण गंगा, गोमती, यमुना, सतलज, ब्रह्मपुत्रा, या पाच नद्यांतला रोहू आमचा होता, आणि पिढीमागे वाढ सुमारे 17 टक्क्यांनी वाढवून दाखवली ती तिथल्याच तळ्यांत. हे मी त्याला जरा जास्तच जोरात सांगितलं. तो "हो हो" म्हणून कॉफी आणायला गेला.

बाहेर उणे अकरा आणि माशांच्या खोलीत पाणी 28 अंश. चष्म्यावर वाफ धरते. अख्ख्या गावात नागपूरसारखी हवा असलेली ही एकच जागा. जेवणाच्या सुट्टीत मी उगाच तिथे रेंगाळतो. आईला सांगतो, काम जास्त आहे.

गुंगीसाठी लवंगेच्या तेलातला अर्क वापरतो. टबात टाकला की दोन-तीन मिनिटांत मासा कलंडतो, मग तांदळाच्या दाण्याएवढी ओळखीची चिप पोटात सारायची, वजन लिहायचं, शुद्धीवर येईपर्यंत वाहत्या पाण्यात ठेवायचा. दिवसाला साठ मासे. हाताला दाढदुखीचा वास येतो, साबणाने जात नाही.

शनिवारी सावजी रस्सा केला. मसाला भाजताना लवंगा हातात घेतल्या आणि डब्यात परत टाकल्या. जेवायला पुण्याचा मित्र होता, त्याला फरक कळला नाही.