पीआरआय कार्डाच्या भीतीनं पडून राहिलेले कर्नल पॅच

ऑफिसच्या फोन सर्व्हरचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, अपडेट करायचाय असं म्हटलं की कस्टमर आधी विचारतो फोन बंद पडणार का, आणि लगेच पुढचं, चालतंय ना सगळं मग हात कशाला लावायचा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. वेबसाइट दहा मिनिटं बंद राहिली तर कुणाचं फारसं बिघडत नाही पण हॉस्पिटलचा किंवा बँकेच्या ब्रँचचा बोर्ड नंबर दहा मिनिटं लागला नाही तर मालकाच्या मोबाईलवर तक्रारी सुरू होतात. म्हणून फोन सर्व्हर वर्षानुवर्षं रीबूट न होता चालू राहतो आणि वर लोक कौतुकानं अपटाइम दाखवतात, बघा तीन वर्षं मशीन बंद केलेलं नाही. त्याचा अर्थ एवढाच की गेल्या तीन वर्षांतला एकही कर्नल पॅच, म्हणजे दुरुस्ती, त्या मशीनवर चालू नाहीये. पॅकेज नवीन करणारी यम अपडेट कमांड मारली असेल, नवीन कर्नल डिस्कवर येऊन बसलाही असेल, पण रीबूट होईपर्यंत मेमरीत जुनाच पळतोय. हे लाइव्ह पॅचिंग (रीबूट न करता पॅच लावणं) नसलेल्या मशीनबद्दल, आणि छोट्या ऑफिसात ते मी तरी कुठे बघितलेलं नाही. त्यामुळे कुठल्याही साइटवर गेलो की आधी युनेम कमांड मारून चालू कर्नल कुठला ते बघतो आणि मग इन्स्टॉल केलेल्यातला सगळ्यात नवा कुठला ते, हे दोन नंबर जुळत नसले की तिथूनच काम सुरू.

आपल्याकडे छोट्या-मध्यम ऑफिसात अजून बरेच ठिकाणी कॉल जोडणारं ॲस्टरिस्क सॉफ्टवेअर आणि त्यावर फ्रीपीबीएक्स हे त्याचं वेब पॅनल असतं, खाली सेंटओएस ६ किंवा ७ हे लिनक्स, आणि सर्व्हरमध्ये टेलिकॉम कंपनीची डिजिटल लाइन जोडायचं पीआरआयचं कार्ड, एका ई-वन लाइनवर तीस कॉल. भीती या कार्डाची असते आणि ती खोटी नाही. कार्ड चालवणारा डाहडी ड्रायव्हर हा कर्नल मॉड्यूल असतो आणि तो सोर्सवरून कंपाइल केलेला असेल तर ज्या कर्नलसाठी बनवला त्याच्याच फोल्डरमध्ये जाऊन बसतो. नवीन कर्नलवर मशीन उठलं की ॲस्टरिस्क चालू, वेब पॅनल चालू, आतल्या आत एक्स्टेंशन टू एक्स्टेंशन कॉल पण लागतात, फक्त बाहेरची लाइन मेलेली, कारण नव्या कर्नलला डाहडी सापडलेलाच नसतो. हे एकदा सोमवारी सकाळी अनुभवलेला माणूस परत कर्नलच्या वाटेला जात नाही, कर्नल अपडेटमधून वगळा अशी ओळ कॉन्फिगमध्ये टाकून ठेवतो आणि ती तिथेच राहते. मी उघडलेल्या बऱ्याच मशीनवर ही ओळ सापडली आहे.

आता समोरून येणारा युक्तिवाद, तोही नीट ऐकण्यासारखा आहे. कर्नलचे बहुतेक होल, म्हणजे सुरक्षेतल्या चुका, लोकल असतात, म्हणजे आधी मशीनवर लॉगिन किंवा निदान कोड चालवायची सोय पाहिजे, मग त्यातून रूट, म्हणजे मशीनवर सगळे अधिकार असलेला युजर, होता येतं. डर्टी काऊ घ्या, होलच्या जाहीर यादीतला त्याचा नंबर सीव्हीई-२०१६-५१९५. २००७ च्या २.६.२२ कर्नलपासून तो होल होता आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये बाहेर आला, फिल ओएस्टर यांना तो हल्ल्यात प्रत्यक्ष वापरला जाताना सापडला. नऊ वर्षं! म्हणजे त्या काळात बसवलेला लिनक्सवरचा जवळपास प्रत्येक फोन सर्व्हर त्यात आला. पण फोन सर्व्हरवर लॉगिन असतं कुणाचं, ॲडमिनचं फक्त, मग लोकल होलचं काय एवढं?

इथेच लोक चुकतात. बाहेरचा माणूस आत येतो तो वेब पॅनलमधून. फ्रीपीबीएक्समध्ये वेब सर्व्हर ॲस्टरिस्क याच युजरनं चालतो, त्यामुळे पॅनलला होल सापडला की हल्लेखोराच्या हातात त्या युजरची शेल, म्हणजे कमांड चालवायची सोय, येते. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये पॅनलचं लॉगिनच ओलांडता येणारा होल आला, सीव्हीई-२०१९-१९००६, आणि चेक पॉइंटनं २०२० मध्ये सांगितलं की त्याच्या जोरावर एका टोळीनं वर्षभरात साधारण १,२०० कंपन्यांच्या फोन सिस्टीमना लक्ष्य केलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये परत तसंच, एंडपॉइंट मॉड्यूलमधला होल, पॅच यायच्या आधीच हल्ले सुरू. म्हणजे लोकल युजर तिथे असतोच, तो आपण बनवलेला नसतो एवढंच.

खरं सांगायचं तर तुमच्या सर्व्हरवरून रात्रभर परदेशातल्या महागड्या नंबरांना कॉल लावून पैसे उकळायला रूट लागतच नाही, ॲस्टरिस्क युजरला डायलप्लॅन, म्हणजे कुठला कॉल कुठे जायचा त्याचे नियम, लिहिता येतो, तेवढ्यात काम होतं. मग कर्नलचा होल कशाला लागतो? टिकून राहायला. रूट मिळालं की लॉग पुसता येतात, फायरवॉल आणि चुकीचे पासवर्ड मारणाऱ्याला अडवणारं फेलटूबॅन गुपचूप बंद करता येतं, कर्नलमध्ये रूटकिट टाकून स्वतःच्या प्रोसेस लपवता येतात, आणि तुम्ही पॅनल पॅच करून पासवर्ड बदलून मोकळे झालात तरी तो आत बसलेलाच असतो. आणि कॉल रेकॉर्डिंग! डॉक्टर पेशंटशी काय बोलले, वकील अशिलाशी काय बोलले, सगळ्या वेव्ह फायली एका फोल्डरमध्ये. बिलाचं नुकसान भरून निघतं एक वेळ, याचं काय करणार. मला तरी यापुढे फोन दहा मिनिटं बंद राहणं फार छोटी गोष्ट वाटते.

आणि सगळेच होल लोकल नसतात. १७ जून २०१९ ला सॅक पॅनिक बाहेर आला, नेटफ्लिक्सच्या जोनाथन लूनी यांनी शोधलेला, २.६.२९ पासूनचे कर्नल त्यात येत होते. लॉगिन काही नको, उघड्या टीसीपी पोर्टवर मुद्दाम रचलेली सॅक (मिळालेल्या माहितीची पोच देणारी) पॅकेट पाठवली की कर्नल पॅनिक, मशीन आडवं, चालू असलेले सगळे कॉल तुटले. फोन सर्व्हरला यापेक्षा वाईट काय असणार. त्यावर तात्पुरता उपाय मात्र सोपा होता, कर्नलच्या सेटिंग बदलणाऱ्या सिसकंट्रोलमधून टीसीपी सॅक बंद करायचं, रीबूट नको काही नको, आणि कॉलचा आवाज यूडीपीवरून जात असल्यामुळे बोलण्यावर परिणाम शून्य. असे तात्पुरते उपाय माहीत असणं फार गरजेचं आहे कारण फोनवाल्याला रीबूटची वेळ लगेच मिळत नाही. २०२४ मध्ये एनएफ टेबल्सचा, म्हणजे कर्नलमधल्या फायरवॉलचा, होल आला, सीव्हीई-२०२४-१०८६, त्याचा एक्स्प्लॉइट (होल वापरणारा कोड) डेबियन या लिनक्सवरसुद्धा चालत होता आणि फ्रीपीबीएक्स १७ डेबियन १२ वरच येतं. तिथे साध्या युजरची नेमस्पेस (स्वतःपुरता वेगळा कप्पा बनवायची सोय) बंद केली की तो रस्ता अडतो, आणि फोन सर्व्हरवर कंटेनर वगैरे चालवत नसाल तर त्या नेमस्पेसची गरजच नसते.

उलट बाजू पण सांगतो, प्रत्येक बातमीला धावायचं नसतं. २०२२ मध्ये डर्टी पाइप आला तेव्हा मला सेंटओएस ७ वाल्यांचे घाबरून फोन आले, पण तो होल ५.८ कर्नलपासूनचा आणि सेंटओएस ७ चा कर्नल ३.१०, संबंधच नाही. आणि ऑडिटवाले स्कॅनर लावून ३.१० बघतात आणि लांबलचक लाल यादी पाठवतात, त्यांनाही समजावावं लागतं की रेड हॅटवाले फिक्स जुन्याच नंबरात मागे आणून बसवतात, पुढचा ३.१० तसाच राहतो आणि मागचा आकडा वाढतो. पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये तो सीव्हीई नंबर शोधा, असेल तर फिक्स आलेला आहे. मात्र हे ३० जून २०२४ पर्यंतच, त्यानंतर सेंटओएस ७ ला फुकटचे पॅच बंद झाले, सेंटओएस ६ ला तर नोव्हेंबर २०२० मध्येच. त्यामुळे आता त्या मशीनवर अपडेट मारण्यासारखं काही उरलेलंच नाही, हलवायचंच आहे.

हलवताना माझा एकच हट्ट असतो, पीआरआय कार्ड सर्व्हरमधून काढा. लाइन एका वेगळ्या गेटवे बॉक्समध्ये घ्या, बॉक्स ते सर्व्हर सिप, म्हणजे नेटवर्कवरून कॉल जोडायची पद्धत. किंवा टेलिकॉम कंपनी देत असेल तर सरळ सिप ट्रंक. कार्ड गेलं की डाहडी गेला, डाहडी गेला की कर्नलची भीती गेली, सर्व्हर व्हर्च्युअल मशीनवर टाकता येतो, अपडेटच्या आधी स्नॅपशॉट, बिघडलं तर परत मागे. गेटवेच्या आतही बहुतेक लिनक्सच असतं, त्याचं फर्मवेअर बघावं लागतंच, पण त्याला वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) ठेवून फक्त सर्व्हरशी बोलू दिलं की बाहेरून तिथे कुणी पोचत नाही. कार्ड ठेवणं भागच असेल तर नव्या कर्नलचे हेडर आधी टाका, डाहडी त्या कर्नलसाठी आधी बनवून ठेवा, मगच रीबूट, आणि जुना कर्नल ग्रबमध्ये, म्हणजे मशीन उठताना येणाऱ्या यादीत, राहू द्या. ॲस्टरिस्क थांबवताना धाडकन थांबवू नका, कोअर स्टॉप ग्रेसफुली दिलं की नवीन कॉल घेणं बंद होतं आणि चालू असलेले संपेपर्यंत तो थांबतो. मशीन उठल्यावर वेब पॅनल हिरवं दिसतंय म्हणून घरी जायचं नाही, मोबाईलवरून बोर्ड नंबर लावायचा, आतून बाहेर एक कॉल करायचा, दोन्हीकडून आवाज येतोय का बघायचं.

टेबलावरच्या फोनलाही कर्नल असतो हे बरेच जण विसरतात. २०१२ च्या डिसेंबरमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या आंग कुई यांनी सिस्कोच्या ७९०० सीरिजवर दाखवून दिलं होतं, त्या फोनचा कर्नल सिस्टीम कॉलमधून आलेली माहिती नीट तपासत नव्हता आणि त्यामुळे रिसीव्हर खाली ठेवलेला असताना फोनचा माइक चालू करून खोलीतलं बोलणं ऐकता येत होतं. हे फोन सेकंडहँड मार्केटमध्ये स्वस्त मिळतात म्हणून अजून घेतले जातात. घेऊ नका, आणि घेतलेच असतील तर फर्मवेअर कधीचं आहे ते आधी बघा.

लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवायची सोय आजच करा, रूट झालेला माणूस त्याच मशीनवरचे लॉग पहिले पुसतो. केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या, सर्ट-इनच्या, एप्रिल २०२२ च्या आदेशात लॉग १८० दिवस ठेवायचे आणि घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायचं असं आहे, लॉगच नसतील तर कळवणार काय.

राहिला एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचा, विषय. मी बघितलेल्या बहुतेक एएमसीत ब्रेकडाउन कॉल असतात, पॅचिंगचा शब्दही नसतो, म्हणजे करायला गेलं तर वेगळे पैसे, म्हणून कुणी करत नाही. मी आता कोटेशनमध्येच लिहून देतो: दर तिमाहीला एक ठरलेली रात्र रीबूटसाठी, मोठा होल आला तर तात्पुरता उपाय लगेच आणि पॅच आठवड्याच्या आत, आणि दर वेळी झालेल्या टेस्ट कॉलची नोंद कस्टमरच्या सहीनं. रिन्यूअल जवळ आलं असेल तर तुमच्या व्हेंडरकडून एवढं तरी लिहून घ्या.