उघड्या काँक्रीटची डागडुजी

पॅरिसजवळच्या ल रॅन्सी येथील नोत्र-दाम चर्च १९२२-२३ मध्ये, जेमतेम वर्षभरात उभे राहिले. निधी तुटपुंजा असल्याने ऑगुस्त आणि गुस्ताव पेरे या वास्तुकार बंधूंनी दगडाला फाटा दिला, गिलावाही केला नाही आणि साच्यातून निघालेले काँक्रीट तसेच उघडे ठेवले. छताचा भार सुमारे ११ मीटर उंचीचे सडपातळ खांब पेलतात. त्यामुळे भिंती म्हणजे साच्यात ओतलेल्या जाळ्या आणि त्यांत बसवलेल्या मार्गेरित ह्युरे यांच्या रंगीत काचा, एवढेच.

त्याआधी माँमार्त्रच्या सेंट जाँ चर्चमध्ये (१८९४-१९०४) वास्तुकार अनातोल द बोदो यांनी सळ्या ओवलेल्या विटा आणि सिमेंट वापरले होते. एवढ्या बारीक खांबांवर कोणाचा विश्वास बसेना; प्रकरण कोर्टात गेले, पाडण्याचा आदेश निघाला आणि तिढा १९०२ मध्ये सुटला. ते चर्च अजून उभे आहे, हे शंकेखोरांना कळवायला हवे होते!

मात्र हा सडपातळपणाच पुढे महाग पडतो. काँक्रीटमधील अल्कली सळईला गंजू देत नाही. परंतु हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपून ही अल्कली निष्प्रभ करतो आणि सळईवरचे कव्हर, म्हणजे तिच्यावरचा काँक्रीटचा थर, जितके पातळ, तितके हे लवकर घडते. गंज लोखंडाहून जास्त जागा मागतो आणि काँक्रीट आतून फुटते. आमच्याकडे नेरुळला खाडीच्या खाऱ्या हवेतील क्लोराइड त्यात भर घालते. आमच्या इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीच्या (ऑडिटच्या) वेळी पार्किंगमधील एका खांबावर हातोडी मारताच पोकळ आवाज आला. प्लास्टर उतरवल्यावर सळईचे पापुद्रे बोटाने सुटत होते. कंत्राटदाराने सळई घासून रसायन लावले, पॉलिमर मॉर्टर भरले, वर प्लास्टर आणि रंग दिला. काम संपले.

ल रॅन्सीत हा उपाय चालणार नाही. १९६६ पासून संरक्षित असलेल्या या वास्तूत काँक्रीटचा पृष्ठभाग हीच वास्तुकला आहे. सिमेंटची छटा, वाळूचा पोत आणि साच्याच्या खुणा जुळल्या नाहीत, तर ठिगळ दुरूनही दिसते, आणि जुळल्या तरी नवा भाग जुन्यासारखा मुरत नाही. खराब झालेल्या जाळ्या नव्याने ओतणे मला गैर वाटत नाही, कारण मुळातही त्या साच्यातूनच, एकसारख्या काढलेल्या होत्या. काचा तेवढ्या आधी सांभाळून उतरवाव्या लागतात. खांब मात्र जागेवर ओतलेले आहेत. तिथे जुने काँक्रीट होता होईल तेवढे राखून, हाताएवढ्या भागापुरतीच दुरुस्ती करण्यावाचून गत्यंतर नाही.